तेरावं पदक

कप्तान ब्रुसातीने ते पदक टेबलावर असं आपटलं की ओर्सिनाच्या हातातला पाव थेट घेवड्याच्या सुपात!

"राणीसाहेबांनी किती पदकं सांगितली होती, मास्टर बाल्दो?"

"बारा," ओर्सिनाचे बाबा म्हणाले.

"मग हे तेरावं कुठून उपटलं? काल मिलानच्या रस्त्यावर एका हेराच्या खोगिरात सापडलंय."

बारा पदकं, बारा विश्वासू माणसं. राणी इझोत्ताचा चेहरा कोरलेलं ते ब्राँझचं पदक दाखवलं की किल्ल्याच्या दारात कुणी अडवायचं नाही, असा हुकूम होता. तेरावं ओतणाऱ्या कारागिराचा उजवा हात तोडायचा, असाही हुकूमच होता.

"जरा सबुरीने, कप्तान," सेर ताद्देओ मध्ये पडले. ते राणीसाहेबांचे चिटणीस आणि त्या बारांपैकी एक. त्यांचं पदक सदैव गळ्यातल्या साखळीत डुलत असायचं. "बाल्दो, कबूल करून टाक बाबा. राणीसाहेबांकडे मी शब्द टाकतो."

ओर्सिनाला ते गोड बोलणं भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं. पण तिची खरी भीती वेगळीच होती. पदकं ओतून झाली की मेणाचा मूळ नमुना साक्षीदारांसमोर फोडायचा असतो. बाबांनी फोडला, पण तो आधीचा फसलेला नमुना होता. खरा त्यांनी सदऱ्यात सरकवला. तिने पाहिलं होतं! तेव्हापासून ती बाबांकडे चोरून बघत होती आणि बाबा तिची नजर चुकवत होते.

आत्ताही चुकवत होते.

"मी मोजून बघू?" ती म्हणाली.

"काय मोजणार? राणीसाहेबांचं नाक?"

"त्याला आमचं कर्कटक पुरायचं नाही."

कप्तानाच्या मिशा किंचित हलल्या.

"ब्राँझ थंड होताना आकसतं," ती म्हणाली. "आमच्या नमुन्यावरून ओतलेली बाराही एकाच मापाची आहेत. पण कुणी तयार पदकावरून साचा घेतला, तर ते आणखी एकदा आकसणार. म्हणजे लहान होणार."

"आणि माप सारखंच निघालं तर?"

"तर बाबांनीच केलंय."

आता मात्र बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"खरं पदक लागेल. सेर ताद्देओ, तुमचं द्या ना."

"माझं? कप्तानाचं घे की."

"माझं पेटीत असतं," कप्तान म्हणाला. "तुमच्यासारखं मी मिरवत नाही. काढा."

तिने कर्कटकाची टोकं सेर ताद्देओंच्या पदकाच्या दोन कडांवर टेकवली आणि तशीच उचलून तेराव्यावर ठेवली. दोन्ही टोकं कडांच्या बाहेर, लाकडात रुतली. लहान! बाबा नव्हते!

मग तिला मुकुटाच्या वरचा तो बारीक फुगवटा दिसला.

"कप्तानसाहेब, तुमच्या पदकाला भोक आहे?"

"कशाला असेल? मी काय गळ्यात घालतो?"

"यांच्या आहे. साखळीसाठी पाडलेलं. आणि या तेराव्यावर नेमका त्याच जागी फुगवटा आहे. भोक मेणाने बुजवून साचा घेतलाय."

सेर ताद्देओंनी पदक परत घ्यायला हात पुढे केला. तो तसाच राहिला. कप्तान सावकाश उठला आणि त्याने दाराला आतून कडी घातली.

थोड्या वेळाने हात बांधलेल्या चिटणिसाला पुढे घालून तो निघाला, पण उंबऱ्यात थबकला. "मास्टर, मूळ नमुना फोडलात ना?"

"तुमच्यासमोरच की."

कप्तानाने बापलेकीकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो गेला.

"तुला मी वाटलो होतो," बाबा हळूच म्हणाले.

"लपवलात कशाला मग?"

बाबांनी कपाटामागून फडक्यात गुंडाळलेला नमुना काढला. "नाक तू कोरलंस ना. माझ्यापेक्षा सरस जमलंय. मोडवेना गं."

ओर्सिनाने ते नाक अंगठ्याने एकदा चाचपलं. खरंच सरस होतं! मग तिने खिडकीतून वाकून बघितलं. कप्तानाचा घोडा अजून कोपऱ्यावरच उभा होता.

तिने नमुना चुलीत टाकला.