मास्तरांना न दिलेला कागद

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजर आहे. रंगानं काळीभोर म्हणून माझं नाव शाई ठेवलं. आता हनुवटीखाली पांढरे केस आले आहेत, तरी नाव तेच चाललं आहे. उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. कपाटावर उडी मारायचे दिवस गेले. हल्ली खुर्चीवर चढायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागते. मी माझी गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण ती माझ्या एकटीची नाही. तिच्यात एक कुत्रा आहे, आणि तो आता नाही.

आमचं घर पुस्तकं बांधणाऱ्याचं. त्याला सगळे बाइंडर म्हणतात. पुढच्या खोलीत त्याचं काम आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. फाटकी पुस्तकं यायची. तो ती सुटी करायचा, सुईदोऱ्यानं पुन्हा शिवायचा, पाठीला खळ लावायचा, पुठ्ठा बसवून दाबाखाली ठेवायचा. खळ पिठाची. पिठाचा वास उंदरांना किती लांबून येतो हे मी तुम्हाला काय सांगू? त्यांनी एका वकिलाची जाडजूड पुस्तकं एका आठवड्यात कुरतडली, तेव्हा बाइंडरनं मला आणलं. मी तळहातावर मावत होते. शिकार करू लागले त्या पहिल्याच महिन्यात मी अकरा उंदीर धरले. बाइंडर गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा की ही मांजर नाही, माझी भागीदार आहे. मी तेव्हा डोळे मिटून पडलेली असायची, पण कान उघडे ठेवायची. स्तुती कुणाला आवडत नाही?

दोन वर्षांनी त्याच्या मुलीनं जिन्याखालून एक पिल्लू उचलून आणलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. पिल्लू अंगाची गुंडाळी करून झोपायचं, दोरीनं बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यासारखं. म्हणून ते गठ्ठ्या झालं. मी तीन दिवस कपाटावरून खाली उतरले नाही. चौथ्या दिवशी उतरले आणि त्याच्या नाकावर एक चापट दिली. त्यानं ती आनंदानं खाल्ली आणि शेपूट हलवलं. अशा प्राण्याशी वैर तरी कसं करणार? थंडीत मी त्याच्या पोटाशी झोपू लागले. तो घोरायचा. मला त्या घोरण्याची इतकी सवय झाली की ते थांबलं की मला जाग यायची.

गठ्ठ्याचं पोट मात्र नाजूक होतं. एकदा घरी पाहुणे आले असताना त्यानं तळलेल्या मांसाचं ताट चाटून साफ केलं आणि दोन दिवस उलट्या केल्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सलाईन लावलं. घरी आणताना त्यांनी बजावलं होतं की याच्या पोटातली एक ग्रंथी कच्ची आहे, तेलतूप आणि चरबी तिला सोसत नाही, पुन्हा असं झालं तर वाचेलच असं सांगता येणार नाही. तेव्हापासून त्याचं खाणं वेगळं शिजायचं. साधा भात, उकडलेली कोंबडी, मीठही नाही. मुलगी स्वतः वाढायची.

मुलगी बारा वर्षांची झाली त्या वर्षीची सुट्टी. समुद्राकाठच्या गावी राहणाऱ्या तिच्या मावशीनं सगळ्यांना आठ दिवस बोलावलं. बाइंडर कित्येक वर्षांत घर सोडून कुठे गेला नव्हता. त्याची बायको तर नुसत्या विचारानंच हसू लागली. पण मावशीच्या घरात जागा लहान, प्रवास लांबचा आणि गाडीत कुत्र्याला घेत नव्हते. मुलगी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आली. मांजरीला तिच्या घरातच राहू द्या, तिला माणसापेक्षा जागा सुटली तर जास्त त्रास होतो, असं त्यांनी सांगितलं. जो सांभाळणार असेल त्याची आणि कुत्र्याची आधीपासून सवय होऊ द्या, नेहमीचंच खाणं नेहमीच्याच वेळी द्या, तुमचा वापरलेला एखादा कपडा त्याच्या अंथरुणात ठेवा. सुट्टीत आपला दवाखाना बंद असेल म्हणून त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरांचा नंबरही दिला.

मुलीनं दोन संध्याकाळी बसून हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहिलं. पट्टीनं समास आखला. गठ्ठ्याला काय द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, का द्यायचं नाही. फिरायला कधी न्यायचं, पट्टा दारातच का लावायचा. शाईची मातीची पेटी रोज साफ करा, नाहीतर ती रागावते. ती लपून बसली तर ओढू नका, नुसतं जवळ बसा. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर, त्याखाली दोन रेघा. लिहून झाल्यावर तिनं तो आम्हा दोघांना वाचून दाखवला. गठ्ठ्या ऐकता ऐकता झोपला.

आम्हाला सांभाळायचं कबूल केलं होतं शेजारच्या मास्तरांनी. ते एकटेच राहायचे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, कानांनी कमी ऐकू यायचं. बाइंडर त्यांचा विद्यार्थी. अक्षर ओळखायला तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता, आणि अजूनही त्यांच्यासमोर तो खुर्चीत टेकून बसत नसे.

निघायच्या सकाळी मुलगी खाली सामान न्यायला गेली आणि जाताजाता वडिलांना म्हणाली, "बाबा, मास्तरांना कागद द्या हं." त्यानं हो म्हटलं. मास्तर दारात आले. बाइंडरनं त्यांना किल्ली दिली, भाताचा डबा आणि कोंबडी कुठे आहे ते दाखवलं. कागद त्याच्या दुसऱ्या हातात होता. मी कपाटावरून बघत होते. त्यानं तो पाठीमागे धरला होता.

मास्तरांनी विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का. बाइंडर म्हणाला, "तुम्हाला काय सांगायचं, मास्तर?"

मास्तर गेल्यावर बायकोनं विचारलं, कागद दिला का? तो हळूच बोलला की ज्यांनी मला अक्षरं गिरवायला शिकवली, त्यांच्या हातात सूचनांचा कागद कसा देऊ? माणूस काय म्हणेल? कुत्र्याला वाढायला काय शिकवायला लागतं? ती काही बोलणार होती, पण खालून मुलीची हाक आली. त्यानं कागदाची घडी घातली आणि सुयांच्या खणात ठेवली.

मित्रांनो, मास्तर वाईट नव्हते. ही गोष्ट दुष्ट माणसाची असती तर सांगायला सोपी झाली असती. ते सकाळ-संध्याकाळ वेळेवर येत. गठ्ठ्याला फिरवून आणत. मी पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे लपले होते, तिथे खाली वाकून मला दोन गोष्टी सांगत. पण गठ्ठ्या खाईना. आठ दिवस म्हणजे काय हे कुत्र्याला कोण समजावणार? त्याच्या हिशेबी माणसं गेली म्हणजे गेली. तो दारापाशी नाक लावून पडून राही. भात तसाच सुकून जाई. मास्तर ताटलीकडे बघत आणि सुस्कारा टाकत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मुलगा आणि सून सुट्टीला आले. चांगलंचुंगलं शिजलं. संध्याकाळी मास्तर एक ताटली घेऊन आले. तिच्यात चरबीचे मऊ तुकडे होते, तुपात परतलेलं मांस होतं, दोन हाडं होती. गठ्ठ्यानं मान वर केली, हुंगलं आणि खाल्लं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "खा बाबा, खा. पोटात गेलं की दुःख हलकं होतं."

मी थप्पीमागून बाहेर येऊन ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतकी. मास्तरांना वाटलं मलाही हवं आहे. त्यांनी एक तुकडा माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भरलेली ताटली घेऊन आले.

पाचव्या दिवशी सकाळी गठ्ठ्यानं उलटी केली. मग पुन्हा केली. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकून आणि मागचा भाग उंच धरून तो उभा राहिला, जणू पोट जमिनीपासून लांब ठेवलं तर कमी दुखेल. मास्तर घाबरले. ऐकू कमी येतं म्हणून ते फोनचा आवाज मोठा करून बोलत, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. पलीकडे वारा होता आणि मुलीचं हसणं होतं. बाइंडर म्हणाला की पोट बिघडलं असेल, आज उपाशी ठेवा, उतरेल. काय खाल्लं ते त्यानं विचारलं नाही. मास्तरांनी आपण होऊन सांगितलं नाही, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आले. दाराला कुलूप होतं.

सहाव्या दिवशी गठ्ठ्याला उठता येईना. मास्तरांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी ताटलीची गोष्ट सांगितली. मग बाइंडरचा आवाज आला, अगदी खालचा. "मास्तर, सुयांच्या खणात एक कागद आहे."

मास्तरांनी खण उघडला. चष्मा लावून, उभ्यानंच, त्यांनी तो कागद वाचला. शाळेतल्या माणसाला वाचायला वेळ लागत नाही. पण त्यांना लागला. मग त्यांनी खालचा नंबर फिरवला, मुलाला हाक मारली, गठ्ठ्याला चादरीत गुंडाळलं आणि दोघे त्याला गाडीत घालून घेऊन गेले. जाताना गठ्ठ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दारापर्यंत गेले.

दुपारी मास्तर एकटे परत आले. चादर नव्हती. ते बाइंडरच्या स्टुलावर बसले आणि खूप वेळ दाबयंत्राकडे बघत राहिले. फोनवर त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. मग खिशातून तो कागद काढला, होत्या त्याच घड्या घातल्या आणि सुयांच्या खणात, होता तिथेच ठेवून दिला.

घरचे दुसऱ्या दिवशी आले. मुलीच्या चपलांत अजून वाळू होती. ती रडत नव्हती. ती सरळ मास्तरांपुढे उभी राहिली.

"मी सगळं लिहून दिलं होतं ना तुम्हाला? वाचलं नाहीत का?"

मास्तरांनी बाइंडरकडे पाहिलं. बाइंडर जमिनीकडे बघत होता. तोंड उघडायला त्याला एक श्वास पुरला असता. मी तो श्वास मोजला. त्यानं तो आत घेतला आणि तसाच सोडून दिला.

"वाचलं होतं पोरी," मास्तर म्हणाले. "मीच ऐकलं नाही. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले. मुलीनं दार लावलं. त्यानंतर ती त्यांच्याशी कधी बोलली नाही. जिन्यात समोरून आले तर भिंतीकडे तोंड करून उभी राही. आठवड्याभरानं बाइंडरनं खणातला कागद काढला, त्याच्या पट्ट्या कापल्या, खळ लावून एका जुन्या शब्दकोशाच्या पाठीवर चिकटवल्या आणि वरून कापड चढवलं. शब्दकोश ज्याचा होता तो घेऊन गेला. काम सुबक झालं म्हणून त्यानं दोनदा सांगितलं.

मीही खाणं सोडलं. थप्पीमागून बाहेर येईना. डॉक्टरीणबाईंनी पिचकारीनं भरवलं म्हणून जगले. मुलगी माझी काळजी घेते, नाही असं नाही. पण तिचा हात आता अंगावर फिरत नाही, तपासतो. डोळे ओढून बघते, पोट दाबून बघते आणि निघून जाते. गठ्ठ्याबरोबर तिचं हसूही गेलं. उंदीर पुन्हा येऊ लागले आहेत. मला दिसत नाहीत. भागीदार म्हणून माझी ओळख आता कुणी करून देत नाही.

बाइंडर कितीतरी वेळा मास्तरांच्या दारापर्यंत गेला. मी आमच्या उंबऱ्यावरून बघायची. हात उचलायचा, कडीपर्यंत न्यायचा आणि परत फिरायचा. वर्षभर हे चाललं. मग एके दिवशी मास्तरांचा मुलगा आला आणि थकलेल्या वडिलांना कायमचं आपल्या गावी घेऊन गेला. बाइंडर त्या दिवशी कागद आणायला बाजारात गेला होता. परत आला तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं.

जेवताना मुलगी म्हणाली, "गेले ते? बरं झालं."

बाइंडरचा घास हातातच राहिला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. मी मुलीपाशी गेले आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती म्हणाली, भुकेली आहे वाटतं, आणि माझ्या बशीत खाणं वाढलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी सुट्ट्या येतील, बॅगा भरल्या जातील. खुशाल जा. पण आमची किल्ली ज्याच्या हातात द्याल, त्याला आमची दुखणीही सांगा, आमचं खाणं सांगा, आमची भीती सांगा. तो वयानं मोठा असेल, मानाचा असेल, रागावेल असं वाटेल, तरी सांगा. आणि सांगायचं राहून गेलंच, तर निदान नंतर कबूल करा, ऐकणारा माणूस समोर आहे तोवर. आम्हा मुक्या प्राण्यांना बोलता येत नाही, ते एक ठीक आहे. तुम्हाला येतं.