उलटा श्वास

कलेच्या इतिहासात असे काही क्षण येतात, की त्यानंतर सूर पूर्वीचे राहत नाहीत. असा क्षण भोंगेसाहेबांच्या वाट्याला आला, तेव्हा ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ वासून पडले होते आणि लाळ ओढणारी नळी त्यांच्या गालाला चिकटली होती. गुर्र, मग एक चिरका सुस्कारा, मग पुन्हा गुर्र. त्यांनी हात वर केला. दुखलं असेल म्हणून बाईंनी नळी काढली, तर साहेब म्हणाले, "पुन्हा लावा. तिथेच."

वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या या गृहस्थांना भोंगेसाहेब हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलं होतं. ते हौसेने सॅक्सोफोन वाजवत, पण सॅक्सोफोन म्हणायला लांब पडतं. येत्या रविवारी एका छोट्या सभागृहात नव्या ध्वनींचा कार्यक्रम होता आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं काही वाजवायला बोलावलं होतं. स्वतःचं असं मात्र अजून काहीच नव्हतं. ते आता नळीत सापडलं.

अडचण दाताचीच होती. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या ज्या दातावर टेकतं, नेमका तोच मुळापासून हलत होता. बाई म्हणाल्या, आजच काढून टाकू. हे म्हणाले, रविवार होऊ द्या. दात गेला की फुंकणं पहिल्यापासून शिकायचं, आणि पन्नाशीनंतर माणूस नव्याने शिकतो ते फक्त पथ्यपाणी.

घरी त्यांनी फुंकायचं सोडून हवा उलटी आत ओढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस नुसताच ठसका लागला. शुक्रवारी बायकोने न्हाणीघराचं दार ठोठावलं.

"अहो, मोरी तुंबली वाटतं. कसला आवाज येतोय बघा जरा."

इतकी नेमकी दाद त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

रविवारी तो आवाज निघाला मात्र, माइकवाला धावत मंचावर आला आणि वायरी हलवू लागला. काहीतरी बिघाड आहे, दोन मिनिटं थांबा, असंही त्याने जाहीर करून टाकलं. लोकांनी मोबाइल काढले. साहेबांच्या हिरडीतून रक्त यायला लागलं होतं.

"माइकला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "वायर सोडा. हे असंच आहे."

आणि त्यांनी पहिल्यापासून वाजवलं, शेवटपर्यंत. संपलं की नाही हे कुणालाच कळेना. बायकोने टाळी वाजवली, तेव्हा तिच्याकडे बघून बाकीच्यांनीही वाजवली.

परतताना ती म्हणाली, "छान झालं हो. न्हाणीघरात जरा जास्त घुमत होतं, एवढंच."

त्यांचंही तेच मत होतं.

सोमवारी दात काढला. दुखलं नाही, तो नाहीतरी हलतच होता.