कॉलरचं घोडं कुठे अडलं

मावशीच्या ऑनलाइन शिवणवर्गात भाची कामाला लागली ती विद्यार्थ्यांचं काम तपासायला. विद्यार्थी घरी बसून धडे बघायचे, शिवायचे आणि फोटो पाठवायचे. त्यावर दोन शब्द लिहायचे, एवढंच. भाचीला वाटलं, यात काय मोठंसं. ‘छान जमलंय’, ‘सुबक आहे’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी वाक्यं तिने तयारच ठेवली होती. ती आलटूनपालटून चिकटवली, की जेवायच्या आधी हात मोकळे. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला तसं वाटत नव्हतं. उलट शेजारच्या टेबलावर एकेक फोटो मोठा करून शिवणी निरखत बसलेल्या मावशीची तिला कीवच यायची.

वर्गातले सगळ्यात वयस्कर विद्यार्थी म्हणजे ड्रायव्हरकाका. उभा जन्म बस चालवून आता शर्ट शिवायला शिकत होते. त्यांच्या शर्टाची कॉलर एका टोकाला तोकडी पडली होती. भाचीने लिहिलं, ‘कॉलर नीट बसलेली नाही. पुन्हा लावा.’ त्यांनी उसवून पुन्हा लावली. पुन्हा तेच. हिनेही पुन्हा तेच लिहिलं. मग त्यांचे फोटो यायचेच बंद झाले.

काकांचा उत्साह संपला वाटतं, असं ती मावशीला सहज बोलून गेली. मावशीने तिचे शेरे वाचले. रागावली नाही.

“कॉलर बसली नाही हे त्यांना दिसतच होतं गं,” ती म्हणाली. “का बसली नाही, ते विचारायला ते आपल्याकडे आले होते.”

मग मावशीने चिंध्यांच्या पिशवीतून कापड काढलं आणि चक्क कॉलर बिघडवायला बसली. आधी गळा मुद्दाम खोल कापला. कॉलर दोन्ही टोकांना तोकडी पडली. मग मधली खूण सरकवली. कॉलर नुसती तिरकी झाली. शेवटी शिवताना खालचं कापड ओढून धरलं, तेव्हा हुबेहूब काकांच्या फोटोतली कॉलर तयार झाली. एवढा हात बसलेली बाई इतकं मन लावून चुकीचं शिवतेय, हे भाची बघतच राहिली.

मावशीने काकांना आवाजी निरोप पाठवला. खांद्याची शिवण इतकी सरळ आली आहे की ती मी सगळ्या वर्गाला दाखवणार आहे, असं आधी सांगितलं. मग म्हणाली, “कॉलर लावताना खालचं कापड ताणलं जातंय, असं मला वाटतं. पण का, ते मला फोटोत दिसत नाही. शिवतानाचा नुसता हातांचा व्हिडिओ पाठवाल का?”

व्हिडिओ यायला बरेच दिवस लागले. त्यात मशीनवर एकच हात होता, डावा. तोच कापड धरत होता, सरकवत होता, ओढत होता. खाली काकांनी लिहिलं होतं, की अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजव्या हातात जोर उरला नाही. आधीच सांगणार होतो, पण मग तुम्ही नुसतं छान छान म्हणत राहिला असता.

त्यांना या धड्यात पास करून टाकू या, असं भाची म्हणाली.

“त्यांना पास व्हायचं नाहीये,” मावशी म्हणाली. “कॉलर लावायचीय.”

आणि स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून ती मशीनवर बसली. तिचं कापड पळालं, टीप वाकडी गेली, सुई मोडली. पुढचे काही दिवस सकाळी तिचा हाच उद्योग चालला होता. चहा निवून जायचा. शेवटी तोड सापडली. कॉलर आधी उशीवर टाचून कच्च्या धाग्याने जवळजवळ टाके घालायचे, मगच मशीनवर घ्यायची, आणि हात थकला की सुई कापडात रुतवून थांबायचं. याचा व्हिडिओ करताना तिने आपल्या फसलेल्या कॉलरीही दाखवल्या, कुठली कशाने फसली ते सांगत. कॅमेरा भाचीने धरला होता. मावशीला ती जन्मापासून ओळखत होती, पण तिचं हे जीव ओतणं तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तिला एकेका फोटोला पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ लागू लागला. फोटोवरून उलगडा झाला नाही, तर ती शेरा मारण्याआधी विचारू लागली, की हे शिवलंत कसं. वर्गातली माणसं तिला उत्तरं लिहायला लागली. काही जण तर वादही घालायला लागले, आणि त्यात तिला मजा येऊ लागली.

काकांचा शर्ट पुरा झाला. तो अंगात घालून त्यांनी फोटो पाठवला. कॉलर गळ्याशी छान बसली होती. मावशीने तो भाचीकडे सरकवला आणि उत्तर तूच लिही म्हणाली. भाचीने बराच वेळ फोटो न्याहाळला. कच्च्या टाक्यांमुळे कॉलरचं टोक आता कसं गळ्यापर्यंत पोचलंय, ते लिहिलं. मग जरा घुटमळली, आणि डाव्या बाहीची चुणी उलट्या बाजूला पडली आहे, तेही लिहिलं.

काकांचं उत्तर लगेच आलं. “चुणी मलाही दिसली होती. तुम्ही सांगता की नाही, तेच बघत होतो.”