पै न पै

मी पै. हो, तीच. जिच्या नावाने सगळे शपथा घेतात, आणि जी वाटेत पडली तर उचलायला कोणी कंबर वाकवत नाही, ती तांब्याची पै मी बोलते आहे. आज जरा रागात आहे, तेव्हा शब्द तिखट लागला तर सांभाळून घ्या.

सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा. म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळ मी. शेंडेफळाचे लाड होतात म्हणे. माझे कोणी केलेले मला तरी आठवत नाहीत.

टाकसाळीत मला ठोकून काढली तेव्हा एका अंगावर राणीचा चेहरा उठवला आणि दुसऱ्या अंगावर इंग्रजीत एक छेद बारा आणा असं लिहिलं. माणसाच्या कपाळी नशीब लिहितात, माझ्या पाठीवर अपूर्णांक लिहिला. तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

माणसं मी फार जवळून पाहिली. देवापुढच्या ताटात रुपया टाकणारा तो वरून सोडतो, खणकन वाजला पाहिजे. मला टाकणारा मूठ ताटाला टेकवून हळूच बोटं उघडतो, शेजाऱ्याला दिसता कामा नये. भांडणात मात्र माझ्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. 'एक पै देणार नाही', 'पै न पै चुकती करीन', 'पैची अक्कल नाही तुला!' तोंडात सदा मी, आणि कनवटीला लावायची वेळ आली की लाज वाटते.

फिरत फिरत मी कल्याणला आले आणि आवडाबाईच्या पाटीला लागले. आवडाबाई खाडीकाठच्या गावची. नवरा मिठागरावर राबायचा, आणि ही सुक्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालत बाजाराला यायची. बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली तिची जागा होती. सासू बसायची तिथेच सून बसली होती.

तिचा भाव सरळ होता. एक पै, एक मूठ. मूठही अशी की मिठागरावरच्या फावड्याला लाजवील. वर आणखी चिमूटभर, ते प्रेमाचं. हमाल यायचे, विणकर यायचे, आणि दिवेलागणीच्या आधी सगुणा यायची. सगुणा विधवा, लोकांकडे दळणकांडण करून राहायची. ती मला पाटीच्या काठावर टक् करून ठेवायची आणि म्हणायची, "माझी मूठ दे गं."

'माझी' म्हणायची ती. घासाघीस नाही, उधारी नाही, कोणाच्या तोंडाकडे बघणं नाही. हातातून मी गेले की जवळा तिचा. आयुष्यात मला कोणी मान दिला असेल तर त्या एका शब्दाने दिला.

या बाजाराचा मक्ता गुणाजीशेटकडे होता. जमिनीवर बसणाऱ्या प्रत्येकीकडून रोजची बसायची पट्टी गोळा करायची आणि वर्षाची ठरलेली रक्कम मार्चअखेर कचेरीत भरायची, असा तो व्यवहार. पट्टी होती एक पै. हा मक्ता त्याने कसा मिळवला, ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. "लिलावात समोरच्याची बोली झाली. एक वार, दोन वार झालं. मी म्हटलं, वरती एक पै! सगळे हसले, आणि हसता हसता तीन वार झालं की!" असं म्हणून मिशीला पीळ द्यायचा. मी त्याच्या थैलीतून हे कितीदा तरी ऐकलं आहे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

पण पुढे त्याला माझा कंटाळा आला. थैली जड होते, मोजताना बोटं काळी होतात, एवढं करून हाती काय तर तांब्याचा कचरा. एकदा पेढीवर बसलेले एक वकीलसाहेब म्हणाले, "शेट, या पैला घडवायचा खर्चच पैहून जास्त येत असेल. असलं नाणं शहाण्या राज्यात ठेवूच नये." असेलही. मी काही माझा हिशेब पाहिलेला नाही. मूठभर जवळा मग कशाने घ्यायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या घरी जवळा शिजत नव्हता, त्यामुळे त्यांना तो प्रश्न पडायचं कारणही नव्हतं.

झालं. गुणाजीशेटने दवंडी पिटवली. दवंडीवाला पोपट म्हणजे तोंडाचं बोळकं, त्यात ढोलकं एवढ्या जोरात बडवायचा की शब्द कुठल्या कुठे जात. तो ओरडला, "उद्यापासनं बाजारात पै बंद हो ऽ ऽ!" आवडाबाई पाटी उचलून बरीच पुढे गेली होती. तिने ऐकलं, 'पाय बंद.'

दुसऱ्या दिवशी बाई बाजाराच्या सीमेवरच्या दगडाशी पाटी घेऊन उभी. आत पाऊल टाकेना. तिच्या मागे गावच्या आणखी चौघी.

गुणाजीशेट आला आणि पोट धरधरून हसला. "अगं आवडे, पाय नव्हे, पै! पै बंद. चालत ये, उडत ये, पण पट्टी पैशाने द्यायची."

"हात्तिच्या!" आवडाबाई म्हणाली. "मना वाटला, आमाला यावाचीच बंदी केली." आणि तीही हसली. तिला वाटलं, डोंगराएवढं संकट उंदराएवढं निघालं.

हसणं फार दिवस टिकलं नाही. पट्टी एकदम तिप्पट झाली. गिऱ्हाईक मात्र पैच घेऊन येणार. बरं, तीन पै देऊन पैसा करून घ्यावा तर सराफ म्हणे, "बाजारात चालत नाही ना ती? मग चार दे." म्हणजे ज्या दिवशी मला बंद केली त्या दिवशी मी एक छेद बारासुद्धा उरले नाही. शेवटी आवडाबाईनेही भाव बदलला. एक पैसा, तीन मुठी. तुम्ही म्हणाल, भाव तोच तर आहे. भाव तोच, पण रोजची एक पै मिळवणारीने तीन मुठी कशाच्या जोरावर घ्यायच्या? तिघींनी मिळून घ्याव्या तर वाटणीच्या वेळी एकीचा हात दुसरीला चालत नाही. माझ्या जिवावर ज्या एकेकट्या ताठ उभ्या होत्या, त्या आता एकमेकींची तोंडं बघत परत जाऊ लागल्या.

सगुणा आली ती संध्याकाळ मी विसरणार नाही, कारण तिच्या हातात मीच होते. तिने मला पाटीवर ठेवलं. "माझी मूठ दे."

आवडाबाईने मला उचललं नाही. "सगुणे, पै नको गं आनू. माज्याकडनं तरी कोन घेतंय तिला?"

सगुणाचा हात तसाच राहिला. मग आवडाबाईलाच कसंनुसं झालं. तिने मूठ भरली, सगुणाच्या पदरात घातली आणि मला उचलून म्हणाली, "आजची घेतली. उद्याच्याला अशीच ने, काय पन नको देऊ."

सगुणाने पदराकडे पाहिलं. "अशीच कशी नेऊ?" एवढंच म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढेही आली नाही. विकत घेणारीला मागणारी व्हायचं नव्हतं, दुसरं काय?

आवडाबाई मात्र चिडली. कोणीतरी तिला सांगितलं की पै काही सरकारने बंद केलेली नाही, हा शेटचा घरचा कायदा. मग तिने साठवलेल्या बारा पै पदराच्या टोकाला बांधल्या, त्यात मीही होते, आणि थेट कचेरी गाठली.

कारकून सज्जन होता. म्हणाला, "बाई, तुझं बरोबर आहे. राणीचा शिक्का आहे, नाणं घ्यायलाच हवं. अर्ज कर."

"करतंय की. काय करावा लागंल?"

"अर्जाला एक आण्याचं तिकीट लागतं. बाहेर ओसरीवर मिळेल."

बाई हरखली. बारा पै म्हणजे एक आणाच! तिने ओसरीवर गाठ सोडली आणि आम्हा बाराजणींना तिकीटवाल्यापुढे ओळीने मांडलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय? पै नको. बाजारात चालत नाही ती, मी कुठे खपवू? पैसे आण, नाहीतर आणा आण."

"अरे, पण पै चालंना म्हनून तर अर्ज हाय!"

"ते अर्जात लिही," तो म्हणाला.

डोकं फोडून घ्यावं असं वाटलं, पण मला डोकं एकच, आणि तेही राणीचं. आवडाबाईने आम्हाला पुन्हा बांधलं. बाकीच्या अकराजणी सराफाकडे कमी दामात गेल्या. मला तिने ठेवून घेतलं. म्हणाली, "यी सगुणेची हाय."

मग उजाडला मार्चचा शेवटचा दिवस. दुपार टळली आणि गुणाजीशेट बाजारात धावत आला. पागोटं वाकडं, कपाळाला घाम. कचेरीत रक्कम भरायला गेला होता. रुपये भरले, आणे भरले, आणि कारकून म्हणाला, "एक पै कमी आहे." तीच ती, लिलावात वरती चढवलेली! याने पैसा पुढे केला, तर कारकून म्हणाला, "परत द्यायला माझ्याकडे पै नाही, आणि जास्तीची जमा कोणाच्या नावे लिहू? सरकारी हिशेब आहे. कमी नको, जास्त नको." कचेरी बंद व्हायच्या आत भरणा झाला नाही तर मक्ता जाणार होता.

"एक पै द्या रे कोणीतरी! एका पैचा रुपया देतो!" गुणाजीशेट ओरडत फिरत होता. वाण्याकडे नाही, तंबाखूवाल्याकडे नाही. असणार कुठून? बाजारातून हाकलली कोणी?

चिंचेखाली आवडाबाई बसली होती. तिने शांतपणे गाठ सोडली आणि मला तळव्यावर ठेवलं. शेट झडप घालणार, तेवढ्यात तिने मूठ मिटली.

"रुपया नको मना. आजची पट्टी म्हनून घे. आनि सगल्यांच्या म्होरं बोल, पै चालू."

शेटने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "चालू, चालू! पै चालू! दे आता."

बाजार हसला. आवडाबाईने मूठ उघडली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. उद्या सगुणा येईल, काठावर टक् होईल.

कचेरीत मी कारकुनाच्या पुढ्यात पडले. त्याने मला दोन्ही बाजूंनी पाहिलं, लिहिलं, पावती फाडली. गुणाजीशेटने घाम पुसला आणि म्हणाला, "बघा रावसाहेब, एवढीशी चीज, पण दिवसभर जीव काढला माझा. म्हणूनच मी म्हणतो, ही पै बंदच व्हायला हवी! नव्या सालची बोली सरळ रुपयांत केली आहे. पुन्हा ही भानगडच नको."

"खरं आहे," कारकून म्हणाला, आणि मला थैलीत टाकलं.

तेव्हापासून मी इथे आहे. लोखंडी पेटी, तिला भलंमोठं कुलूप. इथे मला मान आहे. मला मोजतात, पुन्हा मोजतात, एक पै इकडची तिकडे झाली तर मोठमोठ्यांची झोप उडते. सगुणाचा मूठभर जवळा कमी पडला, तेव्हा मात्र कोणाची पापणी लवली नाही.

मला कायमची बंद करायची असेल तर करा बापडे. मी काय, वितळून एखाद्या तांब्याचा काठ होईन. फक्त ठरवायला बसाल तेव्हा ज्यांच्या थैल्या जड होतात त्यांनाच विचारू नका. पदराला एक गाठ असते, तिलाही विचारा.

परवा गुणाजीशेट कचेरीत आला होता. कारकुनाने सहज विचारलं, "ती जवळावाली बाई पुन्हा अर्जाला आली नाही?"

"कोण, आवडी?" शेट म्हणाला. "नव्या सालापासून पट्टी पुन्हा पैशाची केली, तर पैसा भरायला जमेना तिला. चिंचेखालची जागा तंबाखूवाल्याला दिली. आता कुठली येते? बाजारातला पायच बंद झाला तिचा."

पोपट बिचारा उगाच बदनाम झाला. आवडाबाईने बरोबरच ऐकलं होतं.