आधी मी जाऊन येतो

तो लिफ्ट तपासायचा. नवी असो की दुरुस्त केलेली, लिफ्टमध्ये पहिला तोच शिरायचा, तोही एकटा. वरखाली जाऊन येऊन कागदावर सही केली की मगच बाकीच्यांना चढू द्यायचा. लोक त्याला ‘थांबासाहेब’ म्हणत. कामात हे शोभून दिसतं, पण स्वभावाला औषध नाही. घरीही त्याचं तेच.

आईच्या माघारी थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला वाढवलं. त्या नादात ती स्वतः कुठे गेलीच नाही. तिला एकच खूळ होतं, आफ्रिकेतल्या मॉरिटानियाचं वाळवंट बघायचं. का म्हणून विचारलं, तर म्हणायची, “तिथे आवरायला काही नाही!”

शेवटी एकदाचं दोघांनी जायचं ठरलं. जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि ताटं मांडीवर, असे दिवस सुरू झाले. पिवळ्या तापाची लस टोचून झाली, व्हिसा आला, जीपवालाही ठरला. ताई रुंद काठाची टोपी घालून भाजी चिरायला बसायची. आणि अगदी निघायच्या तोंडावर या पठ्ठ्यानं पाय मागे घेतला.

“ताई, या हिवाळ्यात आधी मी एकटा जाऊन येतो. रस्ता, गाडी, दवाखाना, सगळं बघून ठेवतो. पुढच्या हिवाळ्यात तुला नेतो.”

“अरे, वाळवंट आहे ते, लिफ्ट नव्हे. अडकलो तर दोघं अडकू.”

“आणि तुला काही झालं म्हणजे?”

ताईनं टोपी काढून ठेवली. धाकट्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती, आणि तेच नडलं.

तो गेला आणि सुखरूप परतला. सगळं ठीक होतं. “आत्ता काही सांगू नकोस, मी स्वतःच बघेन,” ताई म्हणाली. पण दुखणं काही याच्या सहीसाठी खोळंबत नाही. उन्हाळा सरता सरता ताईच्या पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली. ताई वाचली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “लांबचा विमानप्रवास आता विसरा.”

घरी आल्यावर ताई उशीला टेकून बसली. “मग तूच सांग. कसं होतं?”

तो हुरूपानं सांगू लागला. जीपचे ब्रेक चांगले होते. मुक्कामाच्या खोलीला आतून कडी होती. दवाखाना जवळच होता.

“ते झालं रे. वाळू कशी दिसते?”

केवढी मोठी चूक करून बसलो, हे त्याला आत्ता कळलं, आणि स्वतःचाच संताप आला.

“संध्याकाळी सगळे टेकडीवर चढले बघायला,” तो मान खाली घालून म्हणाला. “मी खाली जीपपाशीच थांबलो. म्हटलं, ते तुझ्याबरोबरच बघायचं.”

ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण त्यात जोर नव्हता.

“गाढवा,” ती म्हणाली, “निदान तू तरी बघायचं होतंस.”