दुसऱ्या तांब्यातलं पाणी

चैत्रात ऊसतोडीवरून टोळ्या परतल्या आणि चौथ्या दिवशी मठासमोर अख्खं गाव लोटलं. कल्याण महाराज सत्याची थाळी मांडणार होता. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून मोबाईल उंच धरून उभी होती.

तोडीला जाताना आमच्याकडे पोरी मागं ठेवतात, शाळा बुडू नये म्हणून. महाराजानं मठात त्यांची फुकट सोय केली होती. शेजारणीनं विचारलं, "राहीबाई, पोरीला कुठं ठेवू?" तेव्हा मीच म्हणाले होते, "मठात ठेव. देवाच्या दारात कसलं भ्या?"

त्या तेरा वर्षांच्या पोरीनं आई परतताच सांगितलं : सेवेच्या नावाखाली महाराज खोलीत बोलावतो आणि अंगाला हात लावतो. पोरीचं नाव मी लिहिणार नाही. कायद्यानं ते उघड करायचं नसतं. लाजेचं म्हणाल, तर ती तिची नाहीच.

"तिला बाधा हाय!" महाराज गरजला. "वकील खोटं बोलंल, भंडारा बोलनार न्हाई! खऱ्याचं पानी पिवळं, खोट्याचं रगत!"

आधी मठातल्या दोन पोरींच्या तळहाताला भंडारा, देवाची हळद, चोळला, थाळीत पाणी ओतलं, हात बुडवले. पिवळं. मग थाळी धुऊन हिला बसवलं, तसाच भंडारा चोळला, पाणी ओतलं. हात बुडाले आणि पाणी लालभडक झालं.

"रगत!" बाया किंचाळल्या. आईनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडली नाही. आपल्या हातांकडे नुसती बघत राहिली.

माझी नजर तांब्यांवर गेली. तांबे दोन होते. हिच्या वेळच्या तांब्याच्या काठाला पांढरी कड वाळली होती. चाळीस वर्षं तंबाखू मळतेय मी. कालवण करून हळदीच्या बोटानं डबीतला चुना घेतला की बोट लाल होतं, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्या तांब्यात चुन्याची निवळी होती, चुना तळाला बसल्यावर वर राहतं ते नितळ पाणी.

मी पुढं झाले.

"म्हातारे, बाजूला हो. तुलाबी बाधा झाली का?" महाराज खेकसला.

"व्हय, चुन्याची. लई जुनी हाय!"

लोक हसले. मी तळहाताला भंडारा चोळला, थाळी रिकामी करून हिच्या वेळच्या त्याच दुसऱ्या तांब्यातलं पाणी ओतलं, मोठ्यानं म्हणाले, "माझं नाव राहीबाई," आणि हात बुडवला. लाल! "झालं का माझं नाव खोटं? आता महाराज, तुमी बुडवा."

तो उठून आत निघाला. गावातल्या तरण्या पोरांनी दार अडवलं.

सरपंच सूर्यभानआण्णा पुढं आले. "झालं ते झालं. गावातल्या गावात मिटवू. पुढं पोरीचं लगीन व्हायचंय."

"हे मिटवता येत नाही, आण्णा," शाळेच्या अश्विनीबाई म्हणाल्या. "पोक्सो कायदा आहे. ज्याच्या भरवशावर लेकरू सोपवलं, त्यानंच हात टाकला तर शिक्षा जास्त आहे. आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे."

"म्हंजे आमीबी आत?"

"हो. तुम्हीसुद्धा."

आण्णा बाजूला झाले. आम्ही पोरीला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. मी माझा जबाब बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला आणि मगच सही केली. महाराज कोठडीत आहे. खरंखोटं आता नगरचं कोर्ट ठरवील, थाळी नव्हे.

परतताना पोरीनं विचारलं, "राहीआजी, तुमाला तांब्या दिसला नसता, तर मी खोटीच ठरले असते ना?"

"व्हय, ठरली असतीस," मी म्हणाले. म्हणून आमचाच राग येतो. पाणी पिवळं राहिलं असतं तरी पाण्याला काय कळत होतं? आम्ही शेकडो माणसं थाळीत वाकून बघत होतो. पोरीला, "बाई, काय झालं?" असं एकानंही विचारलं नव्हतं.

देव माना, नका मानू. पण लेकरू सांगायला आलं तर पाण्याला विचारू नका. त्याला जवळ बसवा, शेवटपर्यंत ऐका, आणि त्याचा हात धरून ठाण्यात जा.