मोठा आशीर्वाद

विहाराच्या अंगणात ढोल घुमत होते. नोटा टोचलेलं बांबूचं झाड नाचवत बायका आल्या आणि खामकाका दरवर्षीसारखे कर्ण्यावरून दात्यांची नावं पुकारू लागले. मुलींच्या वसतिगृहासाठी यंदा अर्धं चिआंग राय लोटलं होतं. वसतिगृह चालवणाऱ्या ओराथाईबाईंना वाटलं, चला, छपराची सोय झाली.

"बान हुआईचे थाविन! पाच हजार बात! यांची लेक सोईफा आपल्याकडेच शिकते हो!"

दोन वर्षांपूर्वी याच सावत्र बापाने सोईफाला दक्षिणेतल्या दारूच्या अड्ड्यावर पाठवायचा सौदा केला होता. बाईंनी पोरीला बसस्टँडवरून उचलून आणलं, तेव्हापासून तिचा पत्ता कुणालाही दिला नव्हता. आणि यंदा वर्गणीच्या फलकावर हसरा चेहरा हवा म्हणून तिचाच फोटो छापला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा, दुसरं काय!

थाविनने नोटा झाडाला खोचल्या. "साधू! साधू!" लोक गरजले.

"बाई, पोरीला चार दिवस घरी नेतो," तो गोड हसत म्हणाला. "गाडी आणलीय."

"न्या की!" खामकाका कर्ण्यावरूनच बोलले. "असा दिलदार बाप! बाई काय नाही म्हणणारेत?"

सगळं अंगण बाईंकडे बघत होतं. कागदोपत्री बाप तोच. आत्ता खरं बोललं तरी ऐकणार कोण?

"न्या ना," बाई म्हणाल्या. "पण आशीर्वाद घेतल्याशिवाय दाता उठतो होय?" आणि त्या म्हाताऱ्या भन्तेंपुढे वाकल्या. "भन्ते, मोठा द्या. सगळ्यात मोठा."

भन्तेंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पठण सुरू केलं. थाविनला बसावंच लागलं. आशीर्वाद चालू असताना दात्याने भांड्यात सोडायची पाण्याची धार संपायच्या आत उठला असता तर गावाने तोंडात शेण घातलं असतं.

सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले, तशा बाई मागच्या मागे सटकल्या. सोईफा स्वयंपाकघरामागे, चिकट भाताच्या टोपल्यांआड उभी होती. कर्ण्यावरचं थाविनचं नाव तिनेही ऐकलं होतं. बाईंनी तिला वसतिगृहाच्या पिकअपमध्ये ढकललं. "खाली वाक. अजिबात वर बघू नकोस." गाडी निघाली तरी कर्ण्यातून पठण ऐकू येत होतं, आणि भन्ते श्वास घ्यायला थांबले की बाई गाडी आणखी जोरात हाकत होत्या.

हमरस्ता लागल्यावर बाई म्हणाल्या, "नान शहरात माझ्या मैत्रिणीचं वसतिगृह आहे. आता तिथंच राहायचं. फलकावर तुझा फोटो छापला, चूक माझी गं, पोरी."

सोईफा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मान वर न करताच तिने विचारलं, "बाई, तिथंही वर्गणी मागतात का हो?"